आईचं रक्त, बापाचा झेंडा : फांटे किनाऱ्यावरचे दिवस

शुक्रवार : मान्केसिमवरून गावात

घानाच्या राजधानीतून, आक्राहून, केप कोस्टच्या रस्त्याला लागलं की कासोआची वाहतूक जीव काढते. ती मागे पडली की रस्ता मोकळा होतो. डावीकडे कुठेतरी समुद्र आहे हे हवेवरून कळतं, आणि दर दहा-पंधरा मैलांना रस्त्याकडेला माणसांचे मोठमोठे फोटो छापलेले फलक दिसू लागतात. हे निवडणुकीचे फलक नाहीत, मयताचे आहेत. गेलेल्या माणसाचं नाव, वय, माती कधी, आभाराची प्रार्थना कधी, मुख्य शोककर्ते कोण, असं सगळं त्यावर असतं. शोककर्त्यांच्या यादीत बायको-मुलांची नावं असतात, पण यादीच्या डोक्यावर असतो एबुसुआपान्यिन, म्हणजे आईकडच्या कुळाचा कर्ता.

मी तशाच एका मयताला निघाले होते. माझ्या शाळेत शेजारच्या वर्गावर शिकवणारी मैत्रीण फांटे आहे, म्हणजे घानाच्या किनाऱ्यावरच्या अकान लोकांपैकी. तिचे वोफा, म्हणजे आईचे सख्खे भाऊ, दोन महिन्यांपूर्वी गेले. देह तेव्हापासून शवागारात होता. आपल्याकडे हे ऐकून लोक हळहळतात. पण इथे माती घाईने देणं हाच गेलेल्याचा अपमान समजतात. परदेशातली भाचरं पोचली पाहिजेत, घराला रंग लागला पाहिजे, सगळ्या कुळाने घालायचं कापड ठरलं पाहिजे, आणि घरात जुनं भांडण असेल तर ते आधी मिटलं पाहिजे. मैत्रीण शाळेत मामांबद्दल बोलायची तेव्हा तिच्या आवाजात जो अधिकार असायचा, तो वडिलांबद्दल बोलताना नसायचा. वडिलांबद्दल माया असायची. हा फरक नीट कळावा म्हणून मी आले होते.

मान्केसिमला थांबलो. हे फांटे लोकांचं मूळ गाव. त्यांच्या परंपरेप्रमाणे पूर्वज उत्तरेकडच्या टेचिमानहून निघाले. तिघे म्होरके होते : ओब्रुमान्कोमा म्हणजे देवमासा, ओदापाज्यान म्हणजे गरुड आणि ओसोन म्हणजे हत्ती. तिघेही नव्या भूमीत नांदू शकले नाहीत, पण लोकांनी त्यांचे देह मागे टाकले नाहीत. ते बरोबर आणले आणि मान्केसिमजवळच्या राईत पुरले. त्या राईला नानानोम म्पोव म्हणतात, पूर्वजांची देवराई. पुढे मान्केसिमहून फांटे लोक किनाऱ्यावर पांगले, त्यांची वेगवेगळी राज्यं झाली, पण लढाईला जायचं की नाही, पाऊस का पडत नाही, हे विचारायला सगळ्यांची माणसं याच राईत यायची. झाडांच्या काळोखातून पूर्वजांचा आवाज उत्तर द्यायचा.

१८५१ साली हे मोडलं. ख्रिस्ती झालेल्या काही शेतकऱ्यांनी राईच्या हद्दीत कुऱ्हाड चालवली, त्यावरून मारहाण आणि जाळपोळ झाली, प्रकरण केप कोस्टच्या इंग्रज न्यायासनापुढे गेलं, आणि तिथे पुजाऱ्यांनी कबूल केलं की आवाज माणसांचेच होते. तेव्हापासून राईचा कौल बंद पडला. मिशनऱ्यांनी हा अंधश्रद्धेवरचा विजय म्हणून लिहून ठेवला. मला ते एवढं सरळ वाटत नाही. पुजारी खोटे निघाले हे खरं, पण एकमेकांशी भांडणारी डझनभर राज्यं वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी येऊन एकत्र बसत होती, ती जागाही त्या दिवशी गेली. बरोबर १७ वर्षांनी, १८६८ मध्ये, फांटे राजे आणि शिकलेले व्यापारी पुन्हा एकत्र आले, संघराज्य उभं केलं आणि १८७१ मध्ये त्याची लिखित घटना केली. त्यासाठी त्यांनी जागा निवडली ती मान्केसिमच. राईचा कौल थांबला तरी पूर्वजांची ओढ थांबली नव्हती, असं मला वाटतं. इंग्रजांनी त्या संघराज्याच्या मंत्र्यांना अटक केली आणि ते फार टिकलं नाही.

गावात चौकातच पोसुबान आहे, अनेक मजली, रंगवलेल्या पुतळ्यांचं सिमेंटचं बांधकाम. त्यावर ते तिघे म्होरकेही आहेत. पोसुबान ही असाफोची वास्तू. असाफोबद्दल उद्या लिहिते, कारण मला ते खरं कळलं ते उद्याच.

सॉल्टपाँडच्या पुढच्या त्या किनाऱ्यावरच्या गावात पोचलो तेव्हा दुपार होती. अंगणात गोल करून म्हातारी माणसं बसली होती. उजवीकडून सुरुवात करून प्रत्येकाशी हस्तांदोलन करत जायचं, डावा हात पुढे करायचा नाही. मग आम्हाला बसवलं, पाणी दिलं, आणि पाणी पिऊन झाल्यावरच एका वृद्धाने विचारलं की काय काम काढलंत. मी कशासाठी आले हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही ते माझ्या वतीने मैत्रिणीने उभं राहून रीतसर सांगितलं, तेव्हा कुठे मी पाहुणी झाले. या रीतीला अमान्झे म्हणतात. मग एका आजींनी विचारलं, "जन्म कोणत्या वारचा?" शुक्रवारचा म्हटल्यावर त्यांनी माझं नाव एफुआ करून टाकलं आणि गाव सोडेपर्यंत मला कुणी दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

इथे प्रत्येकाला वारावरून नाव मिळतं, कारण ज्या वारी क्रा, म्हणजे देवाकडून आलेला जीव, देहात उतरला तो वार त्या माणसाचा. सोमवारचा मुलगा कोजो, बुधवारचा क्वेकू, रविवारची मुलगी एसी, शनिवारची आमा. धरणीमातेलासुद्धा वार आहे. फांटेंकडे ती शुक्रवारची, असासे एफुआ, म्हणून शुक्रवारी शेतात कुदळ लावत नाहीत. शेजारचे असांते लोक तिला गुरुवारची मानतात. म्हणजे त्या दिवशी मी धरणीच्याच वारी आणि धरणीच्याच नावाने तिथे बसले होते, आणि आजींना याचा फार आनंद झाला होता.

शनिवार : माती

पहाटे चारला उठवलं. देह रात्रीच आणला होता आणि कुळाच्या घरात मोठ्या पितळी पलंगावर ठेवला होता. केन्टे, म्हणजे हातमागाचं भारी कापड, पांघरलेलं, बोटात अंगठ्या. कुळाच्या बायका पलंगाभोवती बसून त्यांच्याशी बोलत होत्या. रडत होत्या आणि मध्येच निरोपही देत होत्या : अमक्या मावशीला सांगा की तुझी नात शिकली, तमक्याला सांगा की पाठीराखा हो. जिथे ते निघाले तिथे कुळाची बाकीची माणसं आधीच आहेत, ही गोष्ट तिथे कुणाला समजावून द्यावी लागत नव्हती.

कुळाला एबुसुआ म्हणतात आणि ते आईकडून येतं. फांटेंची मोठी कुळं सात : न्सोना, अनोना, ट्विदान, कोना, अबोराद्झे, न्त्वा आणि अद्वेनाद्झे. प्रत्येकाचं चिन्ह असतं, आपल्या देवकासारखं. अनोनांचा पोपट, ट्विदानांचा बिबट्या, न्त्वांचा कुत्रा, कोनांचा रानरेडा. एका कुळात लग्न नाही, मग ती दोन माणसं कितीही लांबच्या गावची असोत. उलट परक्या गावात कुळाचं नाव सांगितलं की जेवण आणि निवारा मिळतो. माझ्या मैत्रिणीचं कुळ न्सोना, त्यांचा कावळा. इथला कावळा पांढऱ्या छातीचा असतो. सकाळी तो मांडवावर येऊन बसला तेव्हा मराठी मनाला जे आठवायचं ते आठवलंच. मी मैत्रिणीला पिंडाची आणि कावळ्याची रीत सांगितली. तिने ती लगेच जाऊन एबुसुआपान्यिनना सांगितली. ते म्हणाले, "आमच्याकडे कावळा म्हणजे आम्ही स्वतः. पण तुमची रीत चांगली आहे, गेलेल्याचं मत विचारता."

याच वृद्धांनी मला सगळी मांडणी दाखवली. अंगणात एका बाजूला लाल-काळ्या कापडात कुळ बसलं होतं : गेलेल्यांच्या बहिणी, बहिणींची मुलं, त्या मुलींची मुलं. विधवा आणि तिची मुलं दुसऱ्या बाजूला, कारण ती तिच्या आईच्या कुळाची. शवपेटी मात्र मुलांनी आणली होती. बापाला पेटी देणं हे मुलांचं काम, त्यात कुळ हात घालत नाही, आणि मुलांनी ती वाजतगाजत, सगळ्यांना दिसेल अशी अंगणात आणली. "मुलं आमच्या रक्ताची नाहीत, पण बापाचं शेवटचं घर तीच बांधतात," ते म्हणाले.

रक्त, बोज्या, आईकडून. सुन्सुम, म्हणजे ज्याने माणसाला स्वभाव आणि तेज येतं ते, बापाकडून. आणि क्रा देवाकडून, ज्याला ते न्यामे म्हणतात. या तिन्हींचा एक माणूस होतो. बापाचं सुन्सुम मुलावर पाखर घालतं, म्हणून बाप नाराज असेल तर मूल खंगतं असं जुनी माणसं मानतात. नाव ठेवायचा हक्कही बापाचाच. आठव्या दिवशी बाळाच्या जिभेवर एकदा पाणी आणि एकदा दारूचा थेंब ठेवतात आणि सांगतात : पाणी असेल तर पाणी म्हण, दारू असेल तर दारू म्हण. खरं बोलायचं, एवढंच.

दहाच्या सुमाराला लांबून ढोल ऐकू आले आणि अंगणातली सगळी माणसं सरसावून बसली. असाफो आलं होतं. असाफो म्हणजे गावाचं लढाऊ पथक. जुन्या काळी लढायांना जायचं, आता आग लागली, होडी बुडाली, रस्ता साफ करायचा झाला की धावून जातं. आणि असाफोत माणूस जातो तो बापाच्या वाटेने. मुलगा असो वा मुलगी, बापाचं असाफो तेच तुमचं. म्हणून मामा न्सोना कुळाचे, पण असाफो त्यांच्या वडिलांचं. पथकाच्या पुढे झेंडा घेऊन नाचणारा होता. कापडावर कापडाचे तुकडे शिवून केलेला झेंडा, त्यावर तळं, मासे आणि मगर : तळ्यातला मासा कितीही माजला तरी तो मगरीसाठीच माजतो, असा इशारा. जुन्या झेंड्यांच्या कोपऱ्यात इंग्रजांचा युनियन जॅक असतो आणि १९५७ नंतरच्यांत घानाचा ध्वज, त्यावरून झेंड्याचं वय सांगता येतं. दुसऱ्या पथकाचं चिन्ह किंवा रंग वापरणं म्हणजे भांडण उकरून काढणं, आणि त्यापायी किनाऱ्यावर पूर्वी रक्तही सांडलेलं आहे.

नाचणारा झेंड्याखाली वाकत, तो अंगाभोवती गुंडाळत, सोडवत पेटीपर्यंत आला. त्याच्यामागे अड्झेवा म्हणणाऱ्या बायका, हातात मणी गुंफलेले भोपळे, ते झांजेसारखे वाजवत. कुळाच्या पुढाऱ्याने असाफोच्या सुपीला, म्हणजे पथकाच्या प्रमुखाला, दारूची बाटली दिली आणि देह काही वेळापुरता त्यांच्या हवाली केला. मी हे पाहत होते आणि दोन महिन्यांपासूनची माझी शंका फिटत होती. मातृवंशीय समाज म्हटलं की आपण समजतो की बाप कुठेच नाही. इथे बापाचा झेंडा भर अंगणात आईच्या कुळाकडून त्याचा माणूस मागून घेत होता, आणि कुळ तो मान देत होतं. अभ्यासक याला दुहेरी वंश म्हणतात. अंगणात त्याला काही नाव नव्हतं, फक्त कोण कुठे बसेल आणि कोण कधी उठेल हे प्रत्येकाला माहीत होतं.

पुरण्याआधी नैवेद्य झाला. बाटलीतली स्नॅप्स जमिनीवर थोडी थोडी ओतत वृद्ध बोलू लागले : न्यामे, तुला दाखवतो, पाजत नाही; असासे एफुआ, ये, पी; बोसोम्पो, समुद्रा, ये, पी; नानानोम, पूर्वजांनो, या, प्या, आणि आमच्यातला एक येतोय त्याला सांभाळून घ्या. दर वाक्याला जमाव "व्ये!" म्हणून साथ देत होता. आणि अर्ध्या तासाने तोच जमाव मेथडिस्ट पाद्रीच्या मागे प्रार्थना म्हणत होता. कुणाला काही विसंगत वाटत नव्हतं, मलाही वाटलं नाही.

दुपारी ध्वनिक्षेपकावरून प्रत्येकाने दिलेली रक्कम वाचली जाते आणि पावती मिळते. त्यावर परदेशी लोक तोंड वाकडं करतात. मी हिशेबाच्या टेबलाशी बराच वेळ बसले. मयताचा खर्च प्रचंड असतो, तो एका घराला झेपणारा नसतो, आणि ज्याने आज दिलं त्याच्या घरी उद्या तेवढं जाणार हे सगळ्यांसमोर उच्चारलेलं असतं. उधारीचं हे चोख जाळं आहे. अकान लोकांत एक म्हण आहे : कुळ रानासारखं, लांबून एकसंध दिसतं, जवळ गेलं की प्रत्येक झाड आपापल्या जागी उभं. हिशेबाच्या वहीत ती झाडं एकेक करून दिसतात.

रविवार : आभार

पांढरे-काळे कपडे घालून सगळे चर्चला. किनाऱ्यावर मेथडिस्ट पंथ जुना आहे. १८३५ च्या पहिल्याच दिवशी जोसेफ डनवेल हा तरुण मिशनरी केप कोस्टला उतरला आणि सहा महिन्यांत तापाने गेला. त्याच्यामागून आलेल्यांपैकीही बरेच टिकले नाहीत. १८३८ मध्ये आलेला थॉमस बर्च फ्रीमन टिकला. त्याचे वडील आफ्रिकी वंशाचे होते, आणि वाचता न येणाऱ्या बायकांनी इंग्रजी स्तोत्रं पाठ करण्याऐवजी आपल्या चालीत गावं याला त्याने उत्तेजन दिलं असं सांगतात. त्यातून एबिबिन्द्वोम हे गाणं आलं.

ते मी प्रत्यक्ष ऐकलं. प्रवचन रंगात आलं असताना मागच्या बाकावरून एका म्हातारीने मध्येच सूर लावला. प्रवचनकार थांबला. बाकीच्या बायकांनी ध्रुवपद उचललं, पाच-सहा मिनिटं सगळं चर्च डोलत होतं, मग ती म्हातारी थांबली आणि प्रवचन सोडलं तिथून पुढे सुरू झालं. गाण्याचे शब्द तिथल्या तिथे रचलेले, त्या दिवशीच्या प्रवचनाला उत्तर देणारे. कीर्तन ऐकत वाढलेल्या माणसाला हे फार जवळचं वाटेल. पण आपल्याकडे बुवांना मध्येच थांबवून श्रोत्यांतली बाई गाऊ लागली असं होत नाही. इथे तिचा तो हक्क आहे.

दुपारी मैत्रिणीच्या आईच्या घरी. हे सगळं घर बायकांचं : आई, मावश्या, त्यांच्या मुली. नवरे आपापल्या आईच्या घरी राहतात, किंवा राहत असत. संध्याकाळी बायको रांधते आणि झाकलेलं भांडं मुलाच्या डोक्यावर देऊन नवऱ्याकडे पाठवते. ही रीत आता शहरांतून जवळजवळ गेली, कोळीवाड्यांत अजून आहे. पुरुष मासे आणतो, पण विकत घेते बायको, भाजते बायको, बाजारात नेते बायको. पुष्कळदा होडीच्या इंजिनाचे पैसेही तिचेच असतात. मासळी विकणाऱ्या बायकांची कोन्कोहेमा, म्हणजे राणी, किनाऱ्यावर भाव ठरवते आणि भांडणंही सोडवते. मावशीने केळीच्या पानातलं आंबवलेल्या मक्याचं केंकी आणि पाम तेलातलं ताज्या मासळीचं कालवण वाढलं. या कालवणाचं नावच फांटे-फांटे.

तिथेच वारसाची चर्चा निघाली. रूढीप्रमाणे मामाचा वारस भाचा. हे ऐकून पहिला प्रश्न मनात येतो तो मुलांचा. तो प्रश्न घानालाही पडला होता. १९८५ च्या १११ क्रमांकाच्या कायद्याने मृत्युपत्र न करता गेलेल्या माणसाचं राहतं घर आणि घरातल्या वस्तू बायको-मुलांच्या झाल्या. उरलेल्या मिळकतीचे १६ भाग केले तर ३ बायकोचे, ९ मुलांचे, २ हयात आईवडिलांचे आणि २ रूढीप्रमाणे कुळाचे. मी गणित शिकवते, मला ही विभागणी आवडली. कुळाच्या सामाईक जमिनीला कायदा हात लावत नाही, ती कुळाचीच राहते. विधवेच्या आणि मुलांच्या बाजूने हा कायदा झाला हे फार चांगलं झालं, असं माझं ठाम मत आहे. मैत्रिणीच्या मावशीचं मत वेगळं : "कायदा घर देतो. पण भाच्याला वारस करतात ते काही घरासाठी नाही. त्याने गेलेल्याच्या जागी उभं राहायचं असतं. ते कोण देणार?"

त्यांच्या या प्रश्नाला कुळाच्या जमिनीचा इतिहास जोडलेला आहे. १८९७ मध्ये इंग्रज सरकारने पडीक जमिनी ताब्यात घेण्याचा कायदा आणायचं ठरवलं, तेव्हा केप कोस्टला आदिवासी हक्क संरक्षण सभा उभी राहिली. तिच्यात जॉन मेन्सा सार्बा हे फांटे बॅरिस्टर होते, आणि त्यांनी त्याच वर्षी फांटेंची रूढी पहिल्यांदा कायद्याच्या भाषेत लिहून छापली. सभेचं म्हणणं असं की इथे बिनमालकाची जमीन नाहीच. प्रत्येक तुकडा कुळाचा आहे, आणि कुळात मेलेले आणि अजून न जन्मलेलेही मोजायचे असतात. शिष्टमंडळ १८९८ मध्ये लंडनला गेलं आणि तो कायदा मागे घेतला गेला.

सोमवार : आबान्झे, अनोमाबो, केप कोस्ट

सकाळी आबान्झेच्या टेकडीवरचा किल्ला. शेजारचं कोर्मान्त्से गाव. या बंदरातून नेलेल्या गुलामांना कॅरिबियन बेटांवर 'कोरोमांटी' म्हणत, आणि मळेवाले त्यांना वचकून असत. जमैकात १७३९ मध्ये इंग्रजांना तह करायला लावणारा, 'मरून' म्हणजे मळ्यांतून पळून गेलेल्या गुलामांचा पुढारी कजो, म्हणजे सोमवारचा कोजो. कुळ तोडलं, आई हिरावली, असाफो मागे राहिलं, तरी वार बरोबर गेला. वार कुणाला काढून घेता येत नाही.

अनोमाबोत जहाजाच्या आकाराचं पोसुबान आहे, त्याच्यासमोर मुलं फुटबॉल खेळत होती. थोडं थांबून पुढे निघालो.

केप कोस्टचं फांटे नाव ओगुआ. शहरात असाफो सात आणि देव सत्त्याहत्तर असं म्हणतात. किल्ला १६६० च्या दशकापासून इंग्रजांचा, आणि १८७७ पर्यंत हे शहर गोल्ड कोस्टची, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या घानाची, राजधानी. तळघरांबद्दल लिहायला मला शब्द अपुरे पडतात. जमीन म्हणून ज्यावर आपण उभे असतो तो माणसांच्या मळाचा, रक्ताचा थर आहे असं वाटाड्या सांगतो, आणि पाय उचलावासा वाटतो. पण जिथे मी जास्त वेळ उभी राहिले ती जागा तळघरातल्या एका टोकाला आहे. तिथे नाना ताबिर या देवाचं ठाणं आहे. किल्ला बांधायच्या आधी या खडकावर तो होताच. वर इंग्रज गव्हर्नर, खाली साखळदंडातली माणसं, आणि खडकात देव. आता एक पुजारी तिथे बसतो. अमेरिकेहून, कॅरिबियनहून आलेली माणसं त्याच्यासमोर थांबतात आणि तो त्यांच्या वतीने पूर्वजांना पाणी ओततो. काही जणांना काय म्हणायचं ते सुचत नाही. पुजारी विचारतो, वार कोणता?

समुद्राकडे उघडणाऱ्या दारावर आतल्या बाजूने 'परत न येण्याचं दार' आणि बाहेरच्या बाजूने 'परतीचं दार' अशी पाटी आहे. १९९८ मध्ये जमैकातली क्रिस्टल आणि अमेरिकेतला सॅम्युअल कार्सन, या दोन गुलाम पूर्वजांच्या अस्थी याच दारातून आत आणल्या आणि आसिन मान्सोला, गुलामांना शेवटची अंघोळ घालत त्या नदीकाठी, पुरल्या. त्यांचं कुळ कुणालाच ठाऊक नव्हतं. तरीही माती दिली, रीतसर. परवाचं मयत पाहून आल्यावर याचं मोल मला कळलं.

संध्याकाळी फोसू लगूनच्या, म्हणजे समुद्रालगतच्या तळ्याच्या, काठाने चाललो. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी इथे फेतू अफाह्ये हा मोठा उत्सव असतो. त्याआधी काही आठवडे लगूनमध्ये मासेमारी बंद असते, पाण्याला आणि माशांना विसावा. आज काठाला प्लास्टिक फार होतं. मैत्रीण अस्वस्थ झाली आणि आम्ही लवकर परतलो.

मंगळवार : एल्मिना

मंगळवारी फांटे कोळी समुद्रात जात नाहीत, तो बोसोम्पोचा दिवस. होड्या वाळूवर ओढलेल्या असतात, जाळी शिवली जातात, आणि कोळ्यांचा प्रमुख तक्रारी ऐकतो. जुलैचा पहिला मंगळवार मात्र एल्मिनात बाकातुएचा. बेन्या लगून त्या दिवशी मासेमारीला पुन्हा उघडतं.

एल्मिनाचा किल्ला पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये बांधला. त्यानंतर २८ वर्षांनी ते गोव्यात होते, मग वसईत, रेवदंड्यात. वसईचा कोट पाहिलेल्याला इथले बुरूज अनोळखी वाटत नाहीत. पुढे डच आले, आणि त्यांनी इथली माणसं सैनिक म्हणून जावाला नेली. निवृत्त होऊन परतलेले ज्या टेकडीवर राहिले ती आजही जावा हिल.

दहा वाजता लगूनच्या काठावर उभं राहायला जागा नव्हती. असाफोची दहा पथकं आपापल्या रंगांत होती. ओमान्हेन, म्हणजे राजा, पालखीतून आला. गंमत म्हणजे एल्मिनात राजगादी बापाकडून जाते, आजूबाजूला सगळीकडे आईकडून जाते तरीही. पुजाऱ्यांनी कुस्करलेला याम हा कंद, पाम तेल आणि अंडी लगूनला, नाना बेन्याला, अर्पण केली. जिवाच्या तृप्तीसाठी हेच अन्न वाढदिवसाला माणसालाही देतात. मग जाळं टाकलं. तीनदा टाकायचं. जाळ्यात जे येतं त्यावरून वर्ष कसं जाईल ते पाहतात. तिसऱ्या वेळी जाळं ओढताना काठावरच्या बायका ज्या तऱ्हेने ओरडल्या त्यावरून मासे आले हे मला न दिसताच समजलं. लगेच बंदुकांचे बार झाले आणि रंगवलेल्या होड्यांची शर्यत सुटली.

शर्यत चालू असतानाच मैत्रिणीचा फोन वाजला. कुळाची बैठक संपली होती. वारस म्हणून तिच्या थोरल्या भावाचं नाव ठरलं, आणि त्याने होकार दिला होता. घर विधवेचं आणि मुलांचं, त्यावर कुणी शब्द काढला नाही. धाकट्या मुलीची फी यापुढे नवा वोफा म्हणून तोच भरणार, मयताचं उरलेलं कर्जही त्याच्या माथी, आणि वर्षश्राद्धाची तारीखही त्यानेच काढायची. ती फोनवर बराच वेळ गप्प राहून ऐकत होती, मग त्याला 'वोफा' म्हणून हाक मारली, आपल्याच भावाला, आपल्या मुलांच्या वतीने. त्यानंतर आमच्यासाठी भाजलेली मासळी घेऊन आली आणि म्हणाली की हिशेबाची पुढची बैठक येत्या शुक्रवारी आहे, तेव्हा तिच्या वर्गाचे दोन्ही तास मला घ्यावे लागतील. मी हो म्हटलं.